‘अप’मधले आजोबा चौकोनीच का?

पिक्सारच्या ‘अप’ (२००९) सिनेमातले कार्ल आजोबा आठवतायत? डोकं चौकोनी, चष्मा चौकोनी, खुर्चीही चौकोनी! पत्नी एलीचा चेहरा मात्र गोलसर. संवाद सुरू होण्याआधीच स्वभाव कळावा, म्हणून अ‍ॅनिमेशनमध्ये आकार असे मुद्दाम ताणले जातात. चौकोन म्हणजे हट्टी, जागचा न हलणारा. गोल म्हणजे मायाळू, खेळकर. टोकदार आकार बहुधा खलनायकाच्या वाट्याला येतात. ‘द लायन किंग’मधला (१९९४) स्कार पाहा : हाडकुळा, लांबट चेहऱ्याचा, डोळ्यावर व्रण. त्याच्या नावाचा अर्थही व्रणच.

धोका इथेच आहे. व्रण दिसला की माणूस वाईट, असं लहान मुलांच्या मनात नकळत बसू शकतं. त्यामुळे मुलांसोबत सिनेमा बघताना एवढं नक्की सांगा : खऱ्या आयुष्यात चेहऱ्यावरून स्वभाव ओळखता येत नाही.