ऐच्छिक निबंध लिहावा की सोडून द्यावा?

अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांत बारावीनंतर पदवीसाठी अर्ज करताना नुसते गुण पुरत नाहीत, निबंधही द्यावे लागतात. बरेच अर्ज 'कॉमन ॲप' या संकेतस्थळावरून जातात. तिथे २५० ते ६५० शब्दांचा एक मुख्य निबंध असतो आणि पुढे प्रत्येक विद्यापीठाचे वेगळे प्रश्न. त्यातल्या काहींवर 'ऐच्छिक' असे लिहिलेले असते. आपली मुले शाळेत एखादा धडा ऑप्शनला टाकतात, तसाच हाही प्रश्न टाकून देतात. आमच्या मते इथेच चूक होते.

ऐच्छिक लेखनाचे दोन प्रकार आहेत, आणि दोन्हींचा नियम वेगळा.

पहिला : विषय देऊन विचारलेला निबंध. ड्यूक विद्यापीठाच्या अर्जात २५० शब्दांपर्यंतचे असे प्रश्न असतात. हार्वर्डमध्ये पूर्वी एक जादा निबंध ऐच्छिक होता; २०२३ पासून त्याजागी पाच छोटे प्रश्न सक्तीचे झाले. जिथे हजारो हुशार मुलांमधून मोजकीच घ्यायची असतात, तिथे रिकामी जागा म्हणजे बोलण्याची संधी सोडणे. म्हणून हा निबंध शक्यतो लिहावाच.

दुसरा : परिस्थिती सांगण्याची जागा. कॉमन ॲपवर अडचणी सांगण्यासाठी २५० शब्द, आणि जादा माहितीसाठी २०२५-२६ पासून ३०० शब्द मिळतात (आधी ६५० होते). सांगण्यासारखे असेल तरच इथे लिहावे. दहावीपर्यंत उर्दू माध्यम आणि अकरावीला एकदम इंग्रजी, त्यामुळे गुण घसरले. अब्बांचे काम सुटले म्हणून शिकवण्या घेतल्या. घरी धाकट्या भावंडांना सांभाळले. तिकडे अर्ज वाचणाऱ्याला हे कोण सांगणार? गुणपत्रिका तर सांगत नाही. रडगाणे नको. काय घडले, कधी घडले आणि त्यानंतर आपण काय केले, एवढे साध्या शब्दांत लिहावे. काहीच विशेष नसेल तर ही जागा बिनधास्त कोरी ठेवावी. त्यात कमीपणा नाही.

पालक विचारतात, रोजे, हिजाब, मोहल्ला यांचा उल्लेख करावा का? मुलाच्या अनुभवाचा तो खरा भाग असेल तर जरूर करावा. लपवायचे कारण नाही, आणि मुद्दाम दाखवायचेही नाही.

लिहिण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात :

१. मुख्य निबंधातलेच पुन्हा सांगत नाही ना? बक्षिसांची यादी अर्जात वेगळी असते, ती इथे नको.

२. आधी सक्तीचे निबंध पक्के झाले का? घाईघाईने खरडलेला ऐच्छिक निबंध न दिलेलाच बरा.

३. भाषा मुलाचीच आहे ना? एआयकडून लिहून घेतलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणे कॉमन ॲपच्या नियमांत फसवणूक ठरते. मोठ्यांनी वाचून चुका दाखवाव्यात, लिहून देऊ नये.

नियमित फेरीची मुदत अनेक ठिकाणी जानेवारीच्या सुरुवातीला संपते. आपल्याकडे तेव्हा बारावीच्या प्रॅक्टिकल आणि सराव परीक्षांची धावपळ असते. म्हणून कच्चा मसुदा दिवाळीच्या सुट्टीतच तयार करावा. आपली मुले घरची अडचण सांगायला संकोचतात. ती सांगणे म्हणजे हात पसरणे नव्हे, हे त्यांना अम्मी-अब्बांनीच समजावून सांगायला हवे.