सतरा अंकी संख्या आणि देवळालीचे मास्तर

नऊ वेळा १ लिहा आणि त्या संख्येचा वर्ग करा. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. यवतमाळला एम.एस्सी. करताना मी हे वहीत उतरवलं आणि खाली ठोकून दिलं, "१ कितीही वाढवा, वर्ग असाच चढतो-उतरतो." सरांनी वही पाहिली. "दहा वेळा १ घेऊन पाहिलंस का?" पाहिलं नव्हतं.

अशा संख्यांना 'डेम्लो संख्या' हे नाव दिलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. जन्म १९०५, डहाणूचा. फर्ग्युसनमध्ये असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं, १९२९ ला बी.एस्सी. झाले. पुढची पदवी नाही, पीएच.डी. तर दूरच. १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर. पुस्तिकाही बऱ्याचशा स्वतःच छापल्या.

ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो तिला त्यांनी 'हर्षद' म्हटलं. आपली सतरा अंकीही हर्षद आहे बरं का. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने भागलं की उरतो १२३४५६७९ चा वर्ग. (यात ८ नाही, टायपिंगची चूक नव्हे!)

पण हे खरं गणित की गंमत? इंग्लंडात हार्डी यांनी १९४० च्या पुस्तकात ८७१२ चं उदाहरण घेतलं. २१७८ ची चौपट, म्हणजे उलट्या संख्येची चौपट. असल्या गोष्टी कोड्यांच्या सदराला ठीक, गणितज्ञाला त्यात काही नाही, असा त्यांचा सूर होता. कापरेकरांचं नाव जगभर झालं ते मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये लिहिल्यावर.

हार्डींचं म्हणणं मला अर्धं पटतं. दहा १ घेतले की वर्ग येतो १२३४५६७९००९८७६५४३२१. मधे हातचा येतो आणि जिना मोडतो. बारा पायाच्या पद्धतीत लिहिलं तर तोच जिना अकरा १ पर्यंत टिकेल. म्हणजे जिना हा आपल्या लिहिण्याचा गुण. उलट या संख्येचे अवयव, ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग, कोणत्याही पद्धतीत लिहा, तेच राहतात.

उरलेलं अर्धं मात्र पटत नाही. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. ही कापरेकर संख्या. वरवर हाही लिहिण्याचाच खेळ वाटतो. पण ४५ ला ९ ने भाग जातो, ४४ ला ११ ने, आणि ९ × ११ = ९९. हे योगायोगाने होत नाही. डग्लस इयानुची यांनी २००० साली दाखवलं की या संख्या ९, ९९, ९९९ अशा संख्यांच्या, एकमेकांत सामाईक अवयव नसलेल्या दोन भागांतून निघतात. पोरखेळ वाटणारा प्रश्न शेवटी विभाज्यतेचाच निघाला.

माझ्या वहीतलं ते वाक्य मी खोडलं नाही, पुढे "नऊपर्यंतच" असं लिहिलं. ४५ चं तुम्ही पाहिलंत, आता ५५ करून पाहा. ९ कुठे जातो आणि ११ कुठे, तेवढं शोधा.