तंजावरची दोन दप्तरे

ब्रिटनचा राजकीय इतिहास लिहिताना लंडन, डब्लिन आणि कलकत्ता यांची नावे ओघाने येतात. तंजावरचे नाव क्वचितच घेतले जाते. वस्तुतः १७७३ ते १८५९ या काळात कावेरीच्या मुखप्रदेशातील या लहानशा मराठी राज्याने ब्रिटिश संसदेतील वादांना, कंपनीच्या अंतर्गत सत्तासंघर्षाला आणि अखेरीस प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायविचारालाही विषय पुरवला. याच काळात त्याच राजवाड्यात युरोपीय विज्ञान मराठीत आणण्याचा एक लक्षणीय उद्योग चालला होता. पहिली हकीकत कर्ज, तह आणि खालसा यांची आहे; दुसरी मुद्रणालय, रुग्णालय, नाटक आणि ग्रंथसंग्रह यांची. ही दोन दप्तरे इतिहासकारांनी बहुधा निरनिराळ्या फळ्यांवर ठेवली. त्यामुळे दुसऱ्या सरफोजीराजांचे कार्य कोणाला राज्य गमावलेल्या राजाचा विरंगुळा वाटले, तर कोणाला इंग्रजांच्या सहवासाचे फळ. दोन्ही दप्तरे शेजारी ठेवून वाचली म्हणजे हे दोन्ही निष्कर्ष अपुरे ठरतात.

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७५-७६ च्या सुमारास स्थापन केलेले हे राज्य अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अर्काटच्या नबाबाच्या आणि मद्रासच्या कंपनी सरकारच्या कात्रीत सापडले. नबाब महंमद अली हा कंपनीच्याच नोकरांचा ऋणको होता. त्याच्या सावकारांना तारण हवे होते, आणि कावेरीच्या पाण्यावर पिकणाऱ्या तंजावरच्या भातशेतीइतके भरवशाचे तारण दुसरे नव्हते. १७७३ मध्ये कंपनीच्या फौजेच्या बळावर नबाबाने तंजावर घेतले आणि तुळजाजीराजे कैदेत पडले. लंडनमधील संचालकांना हा व्यवहार मान्य झाला नाही. त्यांनी जॉर्ज पिगट यांना गव्हर्नर करून मद्रासला धाडले आणि एप्रिल १७७६ मध्ये तुळजाजींना गादी परत मिळाली. परंतु त्याच वेळी कंपनीचा नोकर पॉल बेनफील्ड याने तंजावरच्या पिकावर आणि रयतेवर आपले दोन लाख पौंडांहून अधिक येणे असल्याचा दावा मांडला. कौन्सिलमधील बहुमत त्याच्या बाजूस झुकले. ऑगस्ट १७७६ मध्ये कौन्सिलने आपल्याच गव्हर्नरास अटक केली, आणि मे १७७७ मध्ये पिगट नजरकैदेतच मरण पावले. एका परक्या राज्याच्या महसुलासाठी ब्रिटिश अधिकाऱ्यांनी ब्रिटिश गव्हर्नरास पदच्युत करावे, ही घटना लंडनला हादरवून गेली.

येथे डब्लिनमध्ये जन्मलेल्या एडमंड बर्क यांचा संबंध येतो. त्यांचे निकटचे स्नेही व नातलग म्हणवणारे विल्यम बर्क १७७७ मध्ये मद्रासला आले आणि तुळजाजीराजांचे प्रतिनिधी म्हणून इंग्लंडमध्ये त्यांची बाजू मांडू लागले. एडमंड बर्क यांचे तंजावरविषयीचे ज्ञान बऱ्याच अंशी या वाटेने आले. तेव्हा त्यांची कळकळ सर्वस्वी निःसंग होती असे म्हणता येणार नाही. राजाच्या वकिलीचे वेतन त्यांच्या घरोब्यातील माणसाला मिळत होते. तथापि २८ फेब्रुवारी १७८५ रोजी कॉमन्स सभागृहात नबाबाच्या कर्जांवर त्यांनी केलेले भाषण या हितसंबंधाच्या पलीकडे जाते. कर्नाटकातील तलाव आणि बंधारे हे प्रजेला लेकरांप्रमाणे मानणाऱ्या राजांचे खरे स्मारक होय, आणि सावकारांच्या हिशेबात त्यांची नोंदच नाही, हा त्यांचा मुद्दा होता. ठराव फेटाळला गेला. पुढे वॉरन हेस्टिंग्जवरील महाभियोगात बर्क यांनी जी नैतिक भूमिका घेतली, तिची पूर्वतयारी मात्र या भाषणात दिसते. आयर्लंडमधील कॅथलिक प्रजेवरील अन्याय्य कायद्यांना विरोध करणाऱ्या बर्क यांना दूरस्थ सत्तेच्या लोभाची ओळख नव्याने करून घ्यावी लागली नव्हती.

तुळजाजी १७८७ मध्ये वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतलेला सरफोजी तेव्हा दहा वर्षांचाही नव्हता. तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंग यांनी गादी बळकावली. कंपनीने पंडितांचे मत घेतले. ते दत्तकाच्या विरुद्ध पडले. काही वर्षांनी पुन्हा मत घेतले. ते अनुकूल पडले. धर्मशास्त्र तेच राहिले, कंपनीची सोय बदलली, असे म्हणावे लागते. दरम्यान मुलाचा सांभाळ ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने केला आणि त्याच्या जिवाला धोका आहे असे पाहून १७९३ मध्ये त्याला मद्रासला नेले. सरफोजींची विज्ञानाशी पहिली ओळख कंपनीच्या कचेरीत झाली नाही. ती जर्मन धर्मोपदेशकांच्या घरी झाली. १७९८ मध्ये ते गादीवर बसले आणि २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला आणि त्यालगतचा परिसर, वर्षाला एक लाख स्टार पगोडा आणि निव्वळ महसुलाचा एक पंचमांश एवढे उरले.

तहात सैन्य, न्याय आणि महसूल यांचा निर्णय झाला होता. विद्येचा उल्लेख त्यात नव्हता, आणि तो नव्हता हेच सरफोजींच्या पथ्यावर पडले. बावीस वर्षांच्या राजाने आपल्या उरलेल्या सत्तेचे क्षेत्र तेथे ओळखले. तहानंतर चारच वर्षांनी, १८०३ मध्ये, बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले कुळाचा विस्तृत इतिहास मराठीत कोरवून घेतला गेला. ज्याच्याकडून राज्य काढून घेतले गेले, त्याने आपल्या घराण्याची स्मृती चोळांच्या दगडावर नोंदवली. पुढे १८०५ च्या सुमारास देवनागरी मुद्रणालय उभे राहिले आणि त्यातून इसापच्या कथांचे ‘बाळबोध मुक्तावली’ हे मराठी रूपांतर बाहेर पडले. त्याच १८०५ साली विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण दूर बंगालमध्ये सेरामपूरला छापले जात होते. मुंबईत सरकारी आश्रयाने शालेय ग्रंथनिर्मिती सुरू व्हायला १८२० नंतरची वर्षे उजाडावी लागली. मराठी मुद्रणाचा आणि बालवाङ्मयाचा इतिहास मुंबई-पुण्यापासून सुरू करण्याची सवय या कालक्रमाने तपासून घ्यायला हवी.

परंतु कालक्रमातील अग्रक्रम हे तंजावरचे खरे वैशिष्ट्य नव्हे. ते आहे आत्मसात करण्याच्या पद्धतीत. ‘देवेंद्र कुरवंजी’ हे सरफोजींच्या नावावरील मराठी नाटक याची उत्तम साक्ष देते. कुरवंजी हा तमिळ प्रदेशातील नाट्यप्रकार आहे. डोंगराळ मुलखातून भटकत आलेली भविष्य सांगणारी कुरत्ती विरहिणी नायिकेला आपल्या मुलखाचे वर्णन ऐकवते, तिचा हात पाहते आणि प्रियकराच्या भेटीची ग्वाही देते, असा त्याचा ठरलेला साचा. सरफोजींच्या नाटकात या भटक्या स्त्रीच्या तोंडी जगाचा भूगोल येतो. खंडे, देश आणि सागर यांची माहिती ती गाण्यांतून सांगते. जी देशोदेशी हिंडली तिनेच भूगोल सांगावा, ही योजना रंगभूमीच्या तर्कात चपखल बसते. नवे ज्ञान सांगण्यासाठी येथे जुना प्रकार मोडावा लागला नाही, आणि ज्ञानही पुराणातील द्वीपांच्या मापाने कापून घ्यावे लागले नाही. पुढील काळात मुंबई इलाख्यातील पाठ्यपुस्तकांनी भूगोल शिकवला तो प्रश्नोत्तरांच्या आणि व्याख्यांच्या रूपाने. तंजावरने तो गाऊन आणि नाचून शिकवला.

वैद्यकाच्या क्षेत्रातही हीच रीत दिसते. धन्वंतरी महालात देशी वैद्य आणि युरोपीय शल्यचिकित्सा यांना एकत्र वाव होता. औषधांचे पाठ तमिळ पद्यात बांधून ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने जतन झाले. नेत्ररुग्णांच्या नोंदी त्यांच्या डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह ठेवल्या गेल्या, आणि आधुनिक नेत्रतज्ज्ञांनी त्यांचा अभ्यास केला आहे. प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र नोंद ठेवणे ही वैज्ञानिक वृत्ती होय. ती उपकरणांबरोबर जहाजातून येत नाही, अंगी बाणवावी लागते. ओरत्तनाडू येथे १८०२ मध्ये उभारलेल्या मुक्तांबाळ छत्रात यात्रेकरूंना अन्न मिळे आणि मुलांना शिक्षणही. १८२० ते १८२२ या काळातील काशीयात्रेतून राजांनी हस्तलिखिते आणि त्यांच्या नकला आणवल्या. १८२६ मध्ये तंजावरला आलेले बिशप हेबर यांनी नमूद केले आहे की हे राजे लाव्हाझिए, लिनीयस आणि ब्यूफाँ यांचे दाखले सहज देतात. हेबर यांना त्याचे आश्चर्य वाटले. आश्चर्य वाटावे यातच त्या काळच्या इंग्रज मनाची एक मर्यादा उघड होते.

यावर एक आक्षेप संभवतो. तंजावरजवळच्या समुद्रकाठी १८१४ मध्ये सरफोजींनी ‘मनोरा’ नावाचा बुरूज बांधला, तो नेपोलियनवरील इंग्रजांच्या विजयाच्या स्मरणार्थ. त्यावरील लेख पाच भाषांत असून त्यात मराठीही आहे. ज्यांनी राज्य घेतले त्यांच्या विजयाचा बुरूज बांधणारा राजा स्वतंत्र बुद्धीचा कसा मानावा? हा आक्षेप टाळण्याजोगा नाही. कंपनीच्या मर्जीवर वेतन अवलंबून असलेल्या राजाला निष्ठेचे प्रदर्शन करणे भाग होते. कदाचित त्यात प्रामाणिक कृतज्ञताही असेल. श्वार्ट्झविषयीची त्यांची कृतज्ञता तर निःसंशय खरी होती. त्यांच्या इच्छेने जॉन फ्लॅक्समन यांच्या हातून घडलेले संगमरवरी स्मारक तंजावरच्या चर्चमध्ये आहे. मात्र राजकीय निष्ठा आणि बौद्धिक दास्य या एकच गोष्टी नव्हेत. राजांनी इंग्रजी ग्रंथ वाचले, पण शिकवण्यासाठी मराठी आणि तमिळ निवडल्या. मेकॉले यांच्या १८३५ च्या टिपणाने इंग्रजी शिक्षणाचा पक्ष घेतला, त्याच्या कितीतरी आधी तंजावरने वेगळे उत्तर देऊन पाहिले होते.

ते उत्तर पुढे का चालले नाही, हा प्रश्न अधिक गंभीर आहे. सरफोजींच्या उद्योगाला राजाश्रय होता, वाचकवर्ग नव्हता. मुद्रणालय राजवाड्याचे होते; त्याची पुस्तके विकत घेणारी, त्यांवर वाद घालणारी मंडळी भोवती जमली नाहीत. मराठी ही दरबाराची भाषा, रयतेची तमिळ. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ मुंबईत निघाले आणि त्याच वर्षी ७ मार्चला सरफोजी वारले. या दोन घटनांत कार्यकारणाचा संबंध नाही; परंतु मराठी ज्ञानव्यवहाराचे केंद्र राजाकडून वर्गणीदाराकडे कसे गेले, ते या जोडीने चांगले दिसते.

पहिल्या दप्तराचा शेवट १८५५ मध्ये झाला. सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे पुत्रावाचून वारले आणि कंपनीने राज्याबरोबर खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईंनी मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात दावा लावला आणि तेथे त्यांना यश आले. १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. ही जप्ती म्हणजे राजसत्तेचे कृत्य असून तिचा न्याय करण्याचा अधिकार कोणत्याही दिवाणी न्यायालयास नाही, असे त्या निर्णयाचे सार होते. कृत्य न्याय्य होते असे न्यायाधीशांनी म्हटले नाही. ते आपल्या कक्षेत येत नाही एवढेच म्हटले. पुढे १८६२ मध्ये सरकारने मालमत्ता राण्यांना परत केली, ती हक्क म्हणून नव्हे, अनुग्रह म्हणून. बर्क यांनी १७८५ मध्ये संसदेपुढे मांडलेला प्रश्न, दूरदेशी वापरलेल्या सत्तेचा जाब कोणी आणि कोठे विचारायचा, हा चौऱ्याहत्तर वर्षांनंतरही अनुत्तरित राहिला. ब्रिटिश कायद्याच्या अभ्यासकांना हा खटला आजही वाचावा लागतो, कारण त्यातील तत्त्वाचा आधार पुढील काळातही घेतला गेला.

दुसरे दप्तर मात्र मिटले नाही. सरस्वती महालाचा संग्रह १९१८ मध्ये सार्वजनिक झाला, आणि आज तो सरफोजींच्याच नावाने ओळखला जातो. त्यात सुमारे तीन हजार मराठी हस्तलिखिते आहेत. मोडी कागदांचे रुमाल निराळेच. मोडी सफाईने वाचणारे जाणकार महाराष्ट्रातही विरळ होत चालले आहेत आणि तंजावरात तर त्याहून. आधुनिक मराठी गद्याचा, रंगभूमीचा आणि विज्ञानलेखनाचा इतिहास पूर्ण झाला असे मानण्यापूर्वी हे रुमाल सोडून वाचणे आवश्यक आहे. राज्याचा हिशेब इंग्रजांनी केव्हाच पुरा केला; विद्येचा हिशेब अद्याप मराठी अभ्यासकांकडे येणे आहे.