गाविलगड : 'अभेद्य' या शब्दाचा अर्थ

आपल्या प्रताप नगरातून चिखलदऱ्याला जाणारे पुष्कळ. तिथं भीमकुंड पाहतात, गार वारा खातात, जमलं तर गाविलगडावर एक चक्कर. पडक्या दरवाज्यापाशी फोटो काढला की झालं! पण त्या दगडांना एक प्रश्न विचारायला हवा. किल्ला अभेद्य असतो, म्हणजे नेमकं काय असतं?

फेरिश्ता सांगतो, १४२५ च्या सुमारास अहमदशहा बहमनीनं हा गड बांधून घेतला. पुढं इमादशाहीच्या फतहुल्लानं तो मजबूत केला. हा फतहुल्ला जन्मानं विजयनगरकडचा कानडी ब्राह्मण, लढाईत लहानपणी पकडला गेलेला. दिल्ली दरवाज्यावर दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलाय, तो जरूर पाहा. वऱ्हाडातला सुलतानी दरवाजा आणि त्यावर दक्षिणेचं चिन्ह. आपल्या सोयीच्या कप्प्यांत इतिहास मावत नाही, तो असा.

आता १८०३. अडगावला भोसल्यांचा पराभव झाला आणि फौज गडावर आली. दक्षिणेला खोल कडे. तिकडून चढणं जवळजवळ अशक्य. म्हणून स्टीव्हन्सनच्या सैन्यानं ७ ते १२ डिसेंबर डोंगरदऱ्यांतून तोफा हातांनी ओढत उत्तरेला नेल्या, कारण तिथं गड पठाराला जोडलेला आहे. १५ डिसेंबरला बाहेरचा तट फुटला. आतला तट मात्र तोफांनी फुटला नव्हता. कॅप्टन कॅम्पबेलची माणसं शिड्या लावून आत उतरली आणि त्यांनी दार आतून उघडलं. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला.

म्हणजे पाहा, आतला तट शाबूत होता आणि गड गेला. अभेद्यपणा हा दगडाचा गुण नव्हेच. तो दगड, तटावरची माणसं आणि शत्रूची चिकाटी यांच्यातला संबंध आहे. यातलं एक बदललं की शब्दाचा अर्थ बदलतो.

दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. रघुजी भोसले दुसरे यांना कटक सोडावं लागलं, वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूखही गेला. नागपूरचं राज्य आक्रसलं ते या डोंगरावर.

जपानात १६१५ मध्ये तोकुगावांनी एका प्रांतात एकच किल्ला ठेवण्याचा हुकूम काढला आणि कित्येक गड पाडले गेले. इथंही पुढं इंग्रजांनी गाविलगड निकामी केला. राज्यकर्त्याला जिंकलेल्या गडाचीही भीती वाटते. कारण तट पुन्हा कुणाचाही होऊ शकतो.

तेव्हा गेलात, तर उत्तरेच्या बाजूनं तट पाहा. आणि कोळशानं त्यावर स्वतःचं नाव लिहू नका. तोफा ओढणाऱ्यांची नावं तिथं नाहीत, तटावर मेलेल्या बहुतेकांचीही नाहीत. आपलंच कशाला हवं?