साखळीचे दुसरे टोक

‘काही करत नाही हो तो!’ हे वाक्य ज्याने ऐकलेले नाही असा सकाळी फिरायला जाणारा मनुष्य मला अजून भेटायचा आहे. हे वाक्य नेहमी पन्नास पावलांवरून येते. कारण धनी तिथे असतो आणि कुत्रा आपल्या छातीवर असतो. धन्याच्या हातात साखळी असते, नाही असे नाही. पण तिच्या दुसऱ्या टोकाला काहीच नसते. साखळी ही छत्रीसारखी नुसती हातात बाळगायची वस्तू आहे, असा पुष्कळ धन्यांचा समज दिसतो.

डॉक्टरांनी मला रोज चार किलोमीटर चालायला सांगितले आहे. ‘भरभर चाला’ असेही बजावले आहे. आमच्या वसाहतीच्या बागेत त्यासाठी वेगळे श्रम पडत नाहीत. चार-पाच धनी कट्ट्यावर बसून देशाची चिंता करतात आणि त्यांची मोकळी सुटलेली जनावरे मला भरभर चालवतात. निवृत्त माणसाजवळ वेळ असतो. तेव्हा भांडण्यापूर्वी या प्रश्नाचा इतिहास तरी काढावा, असे मी ठरवले. भांडायला आधार असलेला बरा.

काढत काढत मागे गेलो तो थेट इराकात पोचलो. तिथे एश्नुन्ना नावाचे एक राज्य होते. त्याच्या कायद्यांच्या मातीच्या पाट्या बगदादजवळच्या एका टेकाडात १९४५ आणि १९४७ साली सापडल्या. कायदे सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीचे. त्यात म्हटले आहे की, कुत्रा द्वाड असेल, अधिकाऱ्यांनी मालकाला तसे कळवले असेल, तरीही मालकाने त्याला आवरले नाही आणि तो चावून माणूस दगावला, तर मालकाने ४० शेकेल चांदी मोजावी. गुलाम दगावला तर १५ शेकेल. माणसामाणसात केलेला हा भाव त्या काळाला लाज आणणारा. पण ‘कळवले असूनही’ या अटीवर मात्र माझा जीव जडला. म्हणजे तेव्हाही तक्रार गेली होती, शिपाई दारात येऊन सांगून गेला होता आणि धनी त्याला काहीतरी म्हणाला होता. काय म्हणाला असेल, ते अक्कडी भाषा न येताही मी सांगू शकतो.

एश्नुन्नाच्या लोकांनी दोष बरोबर धन्याच्या पदरात टाकला होता. पुढच्या शहाण्यांनी तो कुत्र्याच्या गळ्यात बांधला, आणि तोही अगदी शब्दशः. अथेन्सच्या सोलोनने म्हणे कायदा केला की, चावऱ्या कुत्र्याच्या गळ्यात तीन हात लांबीचे लाकूड अडकवून त्याला ताब्यात द्यावे. प्लुटार्कने हे लिहून ठेवले आहे आणि वर युक्तीचे कौतुकही केले आहे. धन्याच्या गळ्यात काय अडकवावे, हे मात्र दोघांपैकी कुणालाच सुचले नाही.

रोमन लोक त्याहून हुशार. त्यांनी दोष पाहुण्यावरच ढकलला. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात एका घराच्या दाराशी फरशीत जडवलेले कुत्र्याचे चित्र आहे आणि खाली अक्षरे आहेत : कुत्र्यापासून सावध. आपल्याकडच्या बंगल्यांवरच्या पाट्यांचे हे मूळपुरुष. आता चावला तर चूक कुणाची? न वाचणाऱ्याची! त्या चित्रातला कुत्रा निदान साखळीला बांधलेला आहे, एवढे मी रोमनांच्या बाजूने सांगेन.

इंग्रजांचा न्याय फार सूक्ष्म. कुत्रा चावल्याबद्दल भरपाई हवी असेल, तर तो चावरा आहे हे मालकाला आधीपासून ठाऊक होते असे सिद्ध करावे लागे. म्हणून लोक म्हणू लागले की, प्रत्येक कुत्र्याला पहिला चावा फुकट. १८६५ साली पार्लमेंटला दया आली आणि ही अट काढून टाकली. पण ती फक्त मेंढ्या आणि गुरे यांच्यापुरती. म्हणजे कुत्रा मेंढीला चावला की पैसे द्या आणि मेंढपाळाला चावला की पुरावा आणा!

याच इंग्रजांच्या राज्यात, १८३२ साली, मुंबईत धन्याचा प्रश्न भलत्याच रीतीने सोडवला गेला. मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम होता आणि दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते. आठ आणे त्या काळी थोडे नव्हेत. मोकाट कुत्र्यामागे धावण्यापेक्षा ओट्यावर झोपलेला पाळीव कुत्रा उचलणे सोपे, हे पकडणाऱ्यांच्या लवकरच लक्षात आले. पारशी समाजात कुत्र्याला धर्मकृत्यातही स्थान. जून महिन्यात पारशी मंडळी खवळली, दंगा झाला, दुकाने बंद पडली आणि किल्ल्यातल्या साहेबांच्या जेवणाचे हाल झाले. शेवटी जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्या बड्या मंडळींनी मध्यस्थी केली आणि कुत्री मारण्याऐवजी गावाबाहेर सोडावी असे ठरले. मला यातून एक गोष्ट कळली. धन्याची जबाबदारी जिथे कागदावर येत नाही, तिथे तिची किंमत कुत्रा मोजतो.

आणि कधीकधी पोरेबाळे मोजतात. १८८५ सालच्या ४ जुलैला अल्सास प्रांतात जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला पिसाळलेल्या कुत्र्याने चौदा ठिकाणी फाडले. ६ जुलैला आईने त्याला पॅरिसला पाश्चरकडे नेले. पाश्चरने आपली नवी लस त्याला टोचवली आणि पोर वाचले. हा धडा आपण शाळेत शिकलो. शाळेत शिकवत नाहीत ते पुढचे. ते कुत्रे भटके नव्हते. ते गावच्या वाण्याचे होते. त्याने धन्याच्याही दंडाला तोंड घातले होते आणि तोही घाबरून पॅरिसला आला होता. पाश्चरने पाहिले तर दात सदऱ्याच्या आरपार गेलेच नव्हते. त्याला त्याच दिवशी घरी पाठवले. चौदा जखमा पोराला आणि सदऱ्यावर निभावले ते धन्याचे!

हे वाचताना मला हसू आले नाही. माझी नात सहा वर्षांची आहे. दोन महिन्यांपूर्वी बागेत एक थोराड कुत्रा खेळायच्या नादात तिच्या अंगावर धावला आणि ती घसरगुंडीच्या शिडीवरून खाली पडली. गुडघा फुटला, तो आठवड्यात बरा झाला. धन्याने मोठ्या प्रेमाने तिला समजावले, ‘अगं, त्याला तू आवडलीस!’ तेव्हापासून ती बागेत येत नाही. गॅलरीत एकटीच भातुकली मांडून बसते. एश्नुन्नाच्या पाट्यांवर याचा भाव लिहिलेला नाही.

मग जगाने यावर उपाय काढलाच नाही की काय? काढला, पण तो दातांमुळे नव्हे, कुत्र्याच्या दुसऱ्या टोकामुळे. पॅरिसच्या महापालिकेने १९८२ साली रस्त्यावरची कुत्र्यांची घाण शोषून घेणाऱ्या खास मोटारसायकली काढल्या. कुत्र्याने करावे, सरकारने उचलावे आणि धन्याने पुढे चालू लागावे! खर्च भारी आणि सफाई बेताची, म्हणून २००४ साली ते प्रकरण गुंडाळावे लागले. न्यूयॉर्कने मात्र १९७८ सालच्या ऑगस्टपासून साधा नियम केला : आपल्या कुत्र्याचे आपण उचला, नाहीतर १०० डॉलरपर्यंत दंड. आज त्या शहरात सुटाबुटातला साहेबसुद्धा हातात पिशवी घेऊन फुटपाथवर वाकतो. कुत्र्याला वळण लावण्याचा नाद सोडून त्यांनी धन्याच्या कमरेला वळण लावले. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत तर १९७९ साली कुत्र्यांसाठी कुंपणाची वेगळी बाग झाली आणि तिची काळजी वाहायला धन्यांनीच संघटना उभारली. देशाची चिंता त्यांनी बहुधा नंतर केली असावी.

आपल्याकडे कायदा नव्हता असे समजू नका. १८६० च्या दंडविधानात कलम २८९ होते. जनावर नीट न आवरणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १८६० साली हजार रुपये ऐकून धन्याची शुद्ध हरपली असती. पुढे दीडशेवर वर्षे दंड तेवढाच राहिला, रुपया मात्र तेवढा राहिला नाही. १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचे कलम २९१ आले आणि दंड ५००० रुपयांपर्यंत गेला. आमच्या बागेतला एक कुत्रा महिन्याला याहून जास्तीचे खातो.

माझे खरे समाधान झाले ते याज्ञवल्क्यस्मृतीत. सुळ्यांची किंवा शिंगांची जनावरे माणसावर चालून गेली आणि शक्य असूनही धन्याने सोडवले नाही, तर त्याला दंड. आणि सापडलेला माणूस ओरडला असेल, तर दंड दुप्पट! जनावराचा स्वभाव कसा, त्याला कोण आवडते, याची चौकशीच नाही. धनी काय करत होता, एवढेच विचारले आहे.

तेव्हापासून मी संकोच सोडला आहे. कुत्रा अंगावर आला की बाग दणाणेल असा ओरडतो. परवा एक धनी कट्ट्यावरूनच म्हणाले, ‘अहो काका, ओरडता कशाला? काही करत नाही हो तो!’

म्हटले, ‘त्याच्याबद्दल तक्रार नाही हो. तुम्ही काही करत नाही, म्हणून ओरडतो.’

गेल्या आठवड्यापासून दोघांच्या साखळीच्या दुसऱ्या टोकाला कुत्रा दिसू लागला आहे. नातीला मी अजून काही बोललेलो नाही. आणखी तिघे उरले आहेत.