नकुशा

‘नकोशी’ या शब्दाचे बोलीतले रूप म्हणजे नकुशा. सातारा-सांगलीकडच्या खेड्यांत हे मुलीचे नाव म्हणून ठेवले जात असे. दोन-तीन मुलींच्या पाठीवर पुन्हा मुलगीच झाली की बारशाला तिच्या वाट्याला हे नाव येई. त्यामुळे पुढचा पाळणा मुलाचा हलतो, अशी समजूत होती.

धोंडू, दगडू ही नावेही वरवर अशीच ओबडधोबड. पण मूल जगावे, त्याला दृष्ट लागू नये, म्हणून ती ठेवत. त्यात माया लपलेली असे. नकुशात लपवलेले काहीच नाही. अशी नावे दूरदूरही सापडतात. राजस्थानातली ‘धापू’ म्हणजे आता पुरे झाले, तर चीनमधली ‘झाओदी’ म्हणजे धाकट्या भावाला बोलावणारी.

शाळेत चिडवायचे तर पोरांना एरवी टोपणनाव शोधावे लागते. इथे ते घरूनच आलेले आणि पटावर लिहिलेले. रोजच्या हजेरीला गुरुजींनी पुकारायचे, मुलीने ‘हजर’ म्हणायचे. खिजवणाऱ्या पोरांना छड्या मारून काय होणार? पहिली खोडी थोरांनीच काढलेली होती. इलाज करायचा तो नावावरच.

तो साताऱ्यात झाला. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने गावोगावच्या नकुशा शोधून काढल्या. डॉ. भगवान पवार तेव्हा जिल्हा आरोग्य अधिकारी होते. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात समारंभ झाला आणि २८५ मुलींना नव्या नावांची प्रमाणपत्रे व फुले देण्यात आली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी सावित्री, कुणी वैशाली. नाव बदलणे हे एरवी अर्ज, शिक्के आणि राजपत्राचे रुक्ष काम. त्याचा असा जाहीर सोहळा केला, हे या उपक्रमाचे खरे शहाणपण. ज्या नावाने चारचौघांत मान खाली जाई, ते चारचौघांतच उतरवले गेले.

या जागृतीला पूर्वपीठिका होती. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा १९९४ मध्ये आला. तरीही २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे साताऱ्यात ८७८ आणि सांगलीत ८५१ मुली होत्या. राज्याची सरासरी ९१३. साताऱ्याच्या वर्षा देशपांडे यांनी ‘लेक लाडकी’ अभियानातून बेकायदा सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना सापळे लावून पकडून दिले.

नाव मिळण्यासाठी आधी जन्म मिळावा लागतो, आणि तिथे नामकरणाचा हात पोचत नाही. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळ गावात गर्भपात करून पुरलेले १९ भ्रूण पोलिसांना सापडले.