उथळ आणि लहान : एका माशाच्या बरणीचा इतिहास

बेट्टा हा मासा पाळायचा ठरवून कोणी दुकानात गेले, की त्याच्यापुढे बहुधा एक गोल काचेचा बाउल येतो. दोन-तीन लिटर पाणी मावेल एवढा. सोबत एक वाक्य ठरलेले असते : 'फायटरला जागा लागत नाही.' दुकानदार ते खोटेपणाने म्हणतो असे नाही. त्याच्या विश्वासाला बराच जुना आधार आहे. तो आधार कोठून आला आणि वाटेत त्याचा अर्थ कसा बदलत गेला, हे पाहणे आम्हाला महत्त्वाचे वाटते. कारण टाकी कोणती घ्यावी या साध्या, खिशाशी निगडित प्रश्नाचे उत्तर त्या इतिहासात दडलेले आहे.

बेट्टाची मूळ भूमी म्हणजे सयाम, आजचे थायलंड. त्यातही चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यातली भातशेती, पाणथळी आणि पाटचऱ्या. थाई भाषेत त्याला 'प्ला कात' म्हणतात, म्हणजे चावणारा मासा. खाचरातले पाणी उथळ, कोमट, गवताने आणि पाणवनस्पतींनी भरलेले असते. त्यात प्राणवायू कमी. या परिस्थितीला बेट्टाने शोधलेला उपाय विलक्षण आहे. त्याच्या कल्ल्यांच्या वर घड्याघड्यांचे एक इंद्रिय असते. त्याच्या साहाय्याने तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतो. ही केवळ सोय नव्हे, गरज आहे. वर येण्याची वाट बंद झाली तर तो गुदमरतो. नर पृष्ठभागावर बुडबुड्यांचे घरटे बांधतो, अंडी आणि पिले सांभाळतो आणि दुसऱ्या नराला जवळ फिरकू देत नाही. मात्र खाचरात हरलेला नर पळून जाऊ शकतो. पाणी वीतभर खोल असले तरी ते दूरवर पसरलेले असते. येथे मराठीतली दोन विशेषणे काळजीपूर्वक वेगळी ठेवली पाहिजेत. बेट्टाचे घर उथळ आहे. ते लहान नाही. पुढचा सारा घोटाळा या दोन शब्दांच्या सरमिसळीतून झाला आहे.

सयामी माणसाने हा मासा खाचरातून उचलला तो झुंजीसाठी. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार त्याचे माणसाळणे किमान हजार वर्षांपूर्वी सुरू झाले असावे. बंगालच्या वैद्यकीय सेवेत असलेला डॅनिश डॉक्टर थिओडोर कँटर याने १८४९ साली, कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकासाठी मलाया प्रदेशातील माशांची सूची केली, तीत या माशाचे वर्णन आहे. सयामी लोक या झुंजींवर मोठमोठ्या पैजा लावतात आणि झुंजी भरवण्याच्या परवान्यांतून राजाला चांगले उत्पन्न मिळते, असे तो नोंदवतो. (कँटरने दिलेले शास्त्रीय नाव चुकीचे ठरल्यामुळे पुढे १९१० च्या सुमारास टेट रीगनने 'बेट्टा स्प्लेन्डेन्स' हे नाव दिले. थाई नावात दात आहेत, लॅटिन नावात झळाळी आहे, आपल्या बाजारातल्या 'फायटर'मध्ये कुस्ती आहे. घराविषयी मात्र एकही नाव बोलत नाही.) कँटरचे आणखी एक निरीक्षण आम्हाला मोलाचे वाटते. शांत असताना हा मासा फिकट दिसतो. दुसरा नर समोर आला किंवा आरशात स्वतःचे रूप दिसले, की तो क्षणात धातूसारखा झळकू लागतो.

झुंजीचे नर एकत्र ठेवता येत नाहीत. म्हणून प्रत्येकाला वेगळी बाटली, आणि एकमेकांना पाहून ते शिणू नयेत म्हणून दोन बाटल्यांमध्ये पुठ्ठा. आजही थाई पैदासकारांकडे अशा चौकोनी बाटल्यांच्या रांगा असतात. त्यांत बदामाचे वाळलेले पान टाकतात. हे झाड म्हणजे कोकणात आणि मुंबईच्या रस्त्यांवर दिसणारा आपला देशी बदामच. पाणी त्याने चहासारखे तपकिरी होते आणि माशाला मानवते. पण या बाटलीमागे एक माणूस उभा होता, हे विसरता कामा नये. तो पाणी वारंवार बदलत होता, खाणे मोजून देत होता, माशाकडे रोज पाहत होता. बाटली लहान होती, कारण तिच्यामागचे श्रम मोठे होते. ती पैलवानाची खोली होती, त्याचे गाव नव्हे.

बाटलीतला हा मासा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात पोहोचला, तेव्हा तिथे काचेच्या टाकीचा छंद नुकताच रुजला होता. १८४५ साली ब्रिटनने काचेवरचा कर उठवला आणि काच स्वस्त झाली. १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टनने वनस्पती, गोगलगाय आणि मासे यांचा समतोल एका भांड्यात राखता येतो असे दाखवले. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. १८५४ साली फिलिप हेन्री गॉस याच्या पुस्तकाने हे वेड घरोघरी नेले. या मंडळींची मुख्य चिंता प्राणवायूची होती. पॅरिसमध्ये पिएर कार्बोनिएने १८६९ साली चीनमधून आलेले पॅराडाइज मासे पाळले, तेव्हा हवा घेणाऱ्या माशांचे नवल युरोपला कळले. बेट्टा त्याच कुळातला. पंप नको, वाहते पाणी नको, असा मासा मिळाल्यावर 'थोड्या पाण्यात जगू शकतो' हे निरीक्षण 'थोडे पाणी पुरते' या निष्कर्षात कधी बदलले, ते कोणाच्याच ध्यानात आले नसावे.

वास्तविक प्राणवायू हा हिशेबाचा अर्धाच भाग. माशाच्या उत्सर्गातून अमोनिया पाण्यात उतरतो आणि हवा घेणाऱ्या माशालाही तो जाळतोच. मोठ्या पाण्यात तो विरळ राहतो. काचेवर, वाळूवर, फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच निरुपद्रवी नायट्रेट करतात. विनोग्राड्स्कीने १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले. छंदिष्टांच्या व्यवहारात ते ज्ञान उतरायला मात्र बराच काळ गेला. दोन लिटरच्या बाउलमध्ये ना विरळपणा असतो, ना जिवाणूंना जागा.

आपल्याकडे मरळ मासाही हवा घेतो. आठवडी बाजारात तो टोपलीभर पाण्यात जिवंत ठेवलेला आपण पाहतो. म्हणून कोणी ती टोपली मरळीचे घर आहे असे म्हणत नाही. ती विक्रीची जागा आहे, हे सर्वांना ठाऊक असते. बेट्टाच्या बाबतीत विक्रीची जागाच घर म्हणून विकली गेली. गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत तर फुलदाणीत वर पीस लिलीचे झाड आणि खाली बेट्टा अशी टूम निघाली. मासा मुळांवर जगतो, असे सांगितले जाई. कीटक आणि त्यांच्या अळ्या खाणाऱ्या प्राण्याची याहून क्रूर थट्टा आम्हाला माहीत नाही. काही ठिकाणी याला विरोधही झाला. इटलीतील मोन्झा शहराने २००४ साली आणि रोमने २००५ साली मासे गोल बाउलमध्ये ठेवण्यास मनाई केली.

मग घ्यावे काय? इतिहासाने दिलेली कसोटी स्पष्ट आहे : उथळ, पण लहान नव्हे. चाळीस सेंटिमीटर लांब, पंचवीस रुंद आणि पंचवीस उंच अशी साधी चौकोनी टाकी वीस सेंटिमीटर भरली, तर वीस लिटर पाणी होते. एका नराला ते पुरेसे आहे. दहा लिटरच्या खाली जाऊ नये. उंच, सडपातळ टाक्या दिसायला देखण्या असतात, परंतु पैदासकारांनी वाढवलेल्या लांब परांचे ओझे घेऊन माशाला दर थोड्या वेळाने हवेसाठी वर यावे लागते. त्याला उंची नव्हे, लांबी हवी. पाण्यावर तीन-चार बोटे हवा मोकळी ठेवावी आणि वर झाकण असावे, कारण हा मासा उडी मारतो.

स्वस्ताईचा हिशेबही येथे उलटतो. १९६० च्या दशकात सिलिकॉनने काच थेट काचेला चिकटू लागली आणि धातूची चौकट गेली. तेव्हापासून चौकोनी टाकी ही चैनीची वस्तू राहिली नाही. गावातला टाक्या जोडणारा कारागीर मापाप्रमाणे ती करून देतो आणि नक्षीदार ब्रँडेड बाउलपेक्षा ती फार महाग पडत नाही. वाचवायचे असेल तर रंगीत खडे, प्लास्टिकचे किल्ले आणि दिव्यांच्या माळा यांवर वाचवावे. छोट्या एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर मात्र घ्यावा. त्याचा प्रवाह मंद असतो. मुंबई-कोकणात बहुतेक वर्ष हीटरशिवाय निभते, पण पुणे-नाशिकच्या थंडीत पाणी चोवीस अंशांच्या खाली जाते. तिथे लहान हीटर लागतो, आणि तो बाउलमध्ये नीट बसतच नाही. टाकी भरल्यावर जिवाणू स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा धीर फुकट असतो.

एक किरकोळ सूचना. बदामाचे पान घालायचे असेल तर झाडावरून आपोआप गळलेले, पूर्ण वाळलेले आणि धुतलेले घ्यावे. रहदारीच्या रस्त्याकडेचे किंवा फवारणी झालेल्या बागेतले नको.